विश्लेषण : रेंज फुल्ल, तरी फोन का लागत नाही? नागपूरच्या गर्दीत नेटवर्क का गुदमरते?

अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसाचे स्मरण म्हणून हा सोहळा होतो. एवढ्या गर्दीत बरोबरचे माणूस मागे राहिले, की हात आधी मोबाइलकडे जातो. स्क्रीनवर रेंजचे सगळे दांडे दिसत असतात. पण फोन लागत नाही. व्हॉट्सअॅपवर लिहिलेल्या मेसेजपुढे घड्याळाचे चिन्ह फिरत राहते. पुस्तकांच्या स्टॉलवर क्यूआर कोड स्कॅन होतो, पण पैसे ‘प्रोसेसिंग’वरच अडकतात.

हे फक्त दीक्षाभूमीवर घडते असे नाही. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना संपल्यावर, महाल-इतवारीतून मारबतींची मिरवणूक निघाल्यावर, हिवाळी अधिवेशनाच्या काळात झिरो माइल आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच्या परिसरात मोर्चे आल्यावर हाच अनुभव येऊ शकतो. ‘टॉवर बंद पडला’ किंवा ‘नेटवर्क मुद्दाम बंद केले’ अशा पोस्ट अशा वेळी लगेच फिरू लागतात. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. टॉवर चालू असतो, सिग्नलही असतो. संपलेली असते ती जागा.

सायंकाळी फ्लॅटमधला वाय-फाय रडू लागतो, त्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. ही जागा म्हणजे नेमके काय, ती संपते कशी आणि अशा वेळी सामान्य माणसाने काय करावे?

रेंज आणि क्षमता यांत फरक काय?

मोबाइलवरचे दांडे एकच गोष्ट सांगतात : टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोहोचतो आहे. टॉवरला त्या क्षणी आणखी किती लोकांशी बोलायचे आहे, हे दांडे सांगत नाहीत.

वर्धा मार्गाचे उदाहरण घेता येईल. रस्ता रुंद आहे, डांबर चांगले आहे, दिवे लागले आहेत. ही झाली रेंज. पण सामना सुटल्यावर जामठ्याहून हजारो गाड्या एकदम शहराकडे निघाल्या, तर त्याच चांगल्या रस्त्यावर गाडी इंचभर सरकत नाही. रस्ता खराब झालेला नसतो, भरलेला असतो. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. प्रत्येक कंपनीकडे लिलावात घेतलेला लहरींचा ठरावीक पट्टा असतो. टॉवरच्या एका बाजूला, म्हणजे एका सेक्टरमध्ये जितके फोन असतील, त्या सगळ्यांना तो पट्टा वाटून घ्यावा लागतो. पन्नास फोन असतील तर वाटा मोठा, पाच हजार असतील तर चिमूटभर.

त्यात एक बारकावा आहे. सिग्नल कमजोर असलेला फोन जास्त जागा खातो. टॉवरला त्याच्याशी सावकाश, पुन्हा पुन्हा बोलावे लागते, त्यामुळे तेवढाच मेसेज पोहोचवायला जास्त वेळ लागतो. दाट गर्दीत हे हमखास घडते, कारण माणसाच्या शरीरात पाणी असते आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेते. म्हणजे गर्दीमुळे मागणी वाढते, शिवाय प्रत्येक मागणी पूर्ण करणेही महाग होते.

हवेत ट्रॅफिक जाम होतो तो कसा?

पोलिसांच्या हातातला वॉकी-टॉकी हे समजून घ्यायला सोपे उदाहरण आहे. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर ऐकणाऱ्याला एकाचेही धड ऐकू येत नाही. म्हणून बिनतारी यंत्रणेत शिस्त असते : आधी ऐकायचे, थोडक्यात बोलायचे, ‘ओव्हर’ म्हणायचे आणि बटण सोडायचे.

संगणकांना हीच शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात झाला. नॉर्मन अॅब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. नियम अगदी साधा होता. पाठवायचे असेल तेव्हा पाठवा. पोहोचल्याची पावती आली नाही, तर थोडे थांबून पुन्हा पाठवा.

या नियमाचे गणित मांडल्यावर एक चकित करणारी गोष्ट समोर आली. अशा मोकळ्या पद्धतीत चॅनलचा उपयोगी वापर फार तर १८ टक्क्यांपर्यंत जातो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचे असा नियम केला, तर तो सुमारे ३७ टक्क्यांवर पोहोचतो. त्यापुढे पाठवणारे वाढले की काम वाढत नाही, उलट घटते. कारण संदेश एकमेकांवर आदळतात, आदळलेले पुन्हा पाठवले जातात आणि पुन्हा पाठवलेले नव्याशी आदळतात.

आजच्या गर्दीतही जाम वाढवण्यात याच चक्राचा मोठा वाटा असतो. फोन लागला नाही की माणूस लगेच पुन्हा लावतो. मेसेज गेला नाही की अॅप आपोआप पुन्हा प्रयत्न करते. खिशात ठेवलेला फोनसुद्धा नोटिफिकेशन, फोटोंचा बॅकअप, अॅपचे अपडेट यांसाठी टॉवरचे दार ठोठावत असतो. जाममध्ये अडकलेल्या प्रत्येकाने हॉर्न वाजवावा, तसा हा प्रकार आहे. रस्त्यावरच्या हॉर्नने जाम निदान वाढत तरी नाही. हवेतल्या हॉर्नने तो वाढतो.

मोबाइल टॉवरवर नेमके काय अडते?

तीन ठिकाणी अडू शकते.

पहिले ठिकाण म्हणजे दार. फोनला टॉवरशी बोलायला सुरुवात करायची असेल, तर आधी ‘मला बोलायचे आहे’ अशी छोटी खूण पाठवावी लागते. ४जीमध्ये एका सेलला अशा ६४ खुणांचा संच असतो. त्यातली एक खूण फोन आपल्या मनाने निवडतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण निवडली, तर टक्कर होते आणि पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हजारो फोन एकदम उठले, तर टॉवरवर बोलायला जागा असूनही लोक दारातच चेंगरतात. अलोहानेटचेच हे आजचे रूप.

दुसरे ठिकाण म्हणजे वर जाणारा रस्ता, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारी वाहतूक. एरवी लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. त्यामुळे बऱ्याच जाळ्यांत खाली येणाऱ्या वाहतुकीला जास्त वाटा दिलेला असतो. मोर्चा, मिरवणूक किंवा सामना असला की हे उलटते. प्रत्येकाला व्हिडिओ टाकायचा असतो, लाइव्ह जायचे असते. साधा मजकुराचा मेसेज फार छोटा असतो, तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याच्या हजारो पट मोठा. एका रीलच्या जागेत हजारो ‘मी गेटपाशी आहे’ जाऊ शकतात.

तिसरे ठिकाण म्हणजे टॉवरच्या मागची वाट. टॉवरपासून पुढे सगळे फायबरने किंवा सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जाते. तो दुवा अरुंद असेल, तर हवेतला रस्ता मोकळा असूनही पुढे कोंडी होते. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही प्रकार सारखेच दिसतात : रेंज फुल्ल, काम शून्य.

५जी आल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता ना?

काही प्रमाणात सुटला. देशात ५जीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. त्यानंतर काही दिवसांतच एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत सेवा सुरू केली, त्यांत नागपूर होते. ४जीमध्ये एका वाहक पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ असते. ५जीच्या मध्यम पट्ट्यात ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. शिवाय अनेक अँटेना एकत्र वापरून वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे झोत टाकता येतात. म्हणजे एकाच रस्त्यावर अनेक लेन.

पण लेन वाढल्या की गाड्याही वाढतात. ५जी हाती आल्यावर व्हिडिओ मोठे झाले, लाइव्ह जाणारे वाढले. मध्यम पट्ट्याच्या लहरी भिंतींतून आणि गर्दीतून तितक्या सहज पुढे जात नाहीत, त्यामुळे फोन मधूनच ४जीवर उतरतो. ५जी नसलेले फोनही ४जीवरच असतात. गर्दीच्या दिवशी भार पुन्हा जुन्याच रस्त्यावर येतो.

यात एवढे काळजीचे काय?

सामन्याचा फोटो रात्री टाकला तरी बिघडत नाही. पण त्याच हवेतून रुग्णवाहिकेसाठीचा फोनही जायचा असतो.

महाराष्ट्राने हे पाहिले आहे. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलमध्ये साखळी स्फोट झाले. काही मिनिटांत सारी मुंबई एकमेकांना फोन लावू लागली आणि मोबाइल जाळी जाम झाली. घरच्यांचा आवाज ऐकण्याची धडपड अगदी स्वाभाविक होती. पण सगळ्यांची धडपड एकाच वेळी झाली की कोणाचीच पुरी होत नाही.

यासाठी मोबाइलच्या तांत्रिक मानकांत एक सोय पूर्वीपासून आहे. प्रत्येक सिमला ० ते ९ पैकी एक वर्ग दिलेला असतो. गर्दी हाताबाहेर गेली, तर टॉवर यातल्या काही वर्गांना थोडा वेळ थांबायला सांगू शकतो आणि मग पाळी बदलू शकतो. ११ ते १५ हे वर्ग सुरक्षा यंत्रणा, सार्वजनिक सेवा, आपत्कालीन सेवा आणि जाळ्याचे कर्मचारी यांच्यासाठी राखीव असतात. आपत्कालीन क्रमांकावरचा फोन वेगळा ओळखला जातो. स्वतःच्या कंपनीची रेंज नसेल, तर तो दुसऱ्या उपलब्ध जाळ्यावरूनही जाऊ शकतो. म्हणून जीवावर बेतले असेल, तर ओळखीच्या दहा जणांना फोन लावत बसण्यापेक्षा ११२ लावणे शहाणपणाचे.

गर्दी आधीच माहीत असते, मग तयारी का होत नाही?

तयारी करता येते आणि बऱ्याच ठिकाणी होते. गाडीवर बसवलेले तात्पुरते टॉवर आणता येतात. मोठा सेक्टर तोडून त्याचे लहान लहान सेक्टर करता येतात. स्टेडियममध्ये छतावर आणि खांबांवर छोटे अँटेना लावून प्रत्येक स्टँडला वेगळा सेल देता येतो. सूत्र एकच : एका अँटेनाच्या वाट्याला येणारी माणसे कमी करायची. त्यासाठी टॉवरचा आवाज वाढवून चालत नाही, उलट कमी करावा लागतो. शेजारचे दोन टॉवर जोरात बोलू लागले, तर ते एकमेकांचेच ऐकणे बिघडवतात.

अडचण मोजमापाच्या पद्धतीत आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या गुणवत्तेविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. कोणत्या भागात २जी, ४जी, ५जी आहे, हे ग्राहकाला त्यावरून कळते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा नकाशा रेंजचा आहे. विजयादशमीच्या दुपारी दीक्षाभूमीवर किती जणांचा फोन लागेल, याचा रंग त्यात नसतो.

दुसरे म्हणजे सरासरी. दूरसंचाराच्या नकाशावर नागपूर हे ‘महाराष्ट्र’ परिमंडळात येते. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा असे हे मोठे क्षेत्र आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्राची कित्येक दिवसांची सरासरी काढली, की एका शहरातल्या एका मैदानावरचे सहा तास त्यात विरून जातात. कागदावर सेवा उत्तीर्ण होते आणि मैदानावरचा माणूस फोन कानाला लावून उभाच राहतो.

त्यामुळे ग्राहकांनी विचारायचा प्रश्न ‘आमच्याकडे टॉवर आहे का’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. तारीख, जागा आणि अंदाजे गर्दी आधीच ठाऊक असलेल्या दिवसासाठी क्षमता किती वाढवली आणि त्या दिवशी किती फोन लागले नाहीत, हा पुढचा प्रश्न आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येत असताना तो केवळ नागपूरचा राहत नाही.

गर्दीत असताना काय करावे?

- पुन्हा पुन्हा लावू नका. फोन लागला नाही, तर एक-दोन मिनिटे थांबून लावा.
- साधा एसएमएस पाठवा. तो अगदी छोटा असतो आणि लगेच पोहोचला नाही, तर कंपनीच्या केंद्रात थांबून नंतर पुढे जातो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हे मावतात, रोमन लिपीत १६०. मजकूर लांबला, की एकाचे दोन-तीन तुकडे होतात. ‘गेट २ जवळ थांबलो’ एवढे पुरे.
- फोटो-व्हिडिओ नंतर टाका. ऑटो बॅकअप आणि ऑटो डाउनलोड घरून निघतानाच बंद करा.
- जागा बदला. शंभर-दोनशे मीटर बाजूला गेले, की फोन दुसऱ्या सेक्टरमध्ये जाऊ शकतो. पूर्ण दांड्यांच्या भरलेल्या टॉवरपेक्षा दोन दांड्यांचा मोकळा टॉवर बरा.
- नेटवर्कचा प्रकार बदलून पाहा. सेटिंगमध्ये ५जीऐवजी ४जी किंवा उलट करून पाहता येते. दुसऱ्या कंपनीचे सिम असेल तर तेही वापरून पाहा.
- पैशांची पर्यायी सोय ठेवा. थोडी रोख जवळ असू द्या. *९९# ही यूपीआयची सेवा इंटरनेटशिवाय चालते, पण तिची नोंदणी आधी झालेली हवी. व्यवहार अडकला, तर खात्यातून पैसे गेले का ते पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा पाठवू नका.
- भेटायची जागा आधीच ठरवा. लहान मुलांच्या आणि वयस्कर माणसांच्या खिशात घरच्यांच्या नंबरची चिठ्ठी ठेवा. हा उपाय नेटवर्कवर अवलंबून नाही.

आणि घरचा वाय-फाय?

मनीषनगर, बेसा किंवा धरमपेठेतल्या एखाद्या मोठ्या स्कीममध्ये रात्री नऊ वाजता फोनवर वाय-फायची यादी उघडली, तर वीस-पंचवीस नावे सहज दिसू शकतात. तितके राउटर त्याच हवेत बोलत असतात. इथे लिलाव नाही, मालक नाही. सगळ्यांचा सामायिक रस्ता आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ. वाय-फाय, ब्लूटूथ, काही बिनतारी कॅमेरे सगळे त्यातच राहतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गळतो. चॅनल १ ते १३ दिसतात खरे, पण प्रत्येक चॅनल शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतो. एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच निघतात : १, ६ आणि ११.

वाय-फायचा नियम वॉकी-टॉकीसारखाच आहे : आधी ऐका, हवा शांत असेल तर थोडे थांबून बोला. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांना ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. काही जण हुशारीने मधला ३ किंवा ८ नंबरचा चॅनल निवडतात. पण मग दोन्हीकडच्यांचे अर्धवट बोलणे नुसता गोंगाट म्हणून कानावर येते, पाळी लागत नाही आणि सगळ्यांचेच बिघडते. समोरासमोरच्या टोकांना बसलेले दोन फोन मधल्या राउटरला ऐकतात, पण भिंतींमुळे एकमेकांना ऐकू शकत नाहीत, असेही होते. हवा शांत आहे असे समजून दोघे एकदम बोलतात आणि संदेश राउटरपाशी आदळतात.

दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधायचे?

क्रमाने गेले, तर पंधरा मिनिटांत उलगडा होतो.

पहिली पायरी, वायर : लॅपटॉप थेट लॅन केबलने राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवरही वेग नसेल, तर दोष हवेत नाही. कनेक्शन देणाऱ्याला फोन करा. केबलवर वेग आहे आणि वाय-फायवर नाही, तर पुढे जा.

दुसरी पायरी, जवळून : राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभे राहून मोजा. इथे चांगले आणि आतल्या खोलीत वाईट, तर प्रश्न अंतराचा व अडथळ्यांचा. राउटरपाशीच वाईट, तर प्रश्न गर्दीचा असण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी, वेळ : पहाटे सहाला आणि रात्री नऊला मोजा. पहाटे पळतो आणि रात्री रांगतो, तर कोंडीच आहे. मात्र रात्री केबलवरही वेग पडत असेल, तर कोंडी इमारतीच्या हवेत नसून कंपनीच्या वाटेवर आहे.

चौथी पायरी, हवा : फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचे अॅप घेऊन कोणत्या चॅनलवर किती राउटर आहेत ते पाहा. १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा आणि २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की रस्ता रुंद होत नाही, भांडणे वाढतात.

पाचवी पायरी, वाटणी : टीव्ही, लॅपटॉप, नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये या भागातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, म्हणजे जुन्या पट्ट्याच्या सातपट जागा. जागचा न हलणारा टीव्ही किंवा संगणक केबलने जोडला, तर हवेतली एक गाडी कायमची कमी होते.

राउटरची जागाही पाहावी. लोखंडी कपाटावर, माळ्यावर, टीव्हीच्या मागे तो कोंडतो. नागपूरकरांसाठी एक खास मुद्दा म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी आणि खाली भरलेली पाण्याची टाकी, दोन्ही लहरींची वाट अडवतात. हिवाळ्यात नीट चालणारा वाय-फाय एप्रिलपासून एखाद्या खोलीत येईनासा झाला, तर राउटरला दोष देण्याआधी मध्ये कूलर आला आहे का ते बघावे.

बूस्टर लावला तर?

वाय-फायचा साधा एक्स्टेंडर ऐकलेले तेच पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो. पोहोच वाढते, पण हवेचा वापर दुप्पट होतो. दोष अंतराचा असेल तर उपयोग आहे. गर्दीचा असेल तर त्यात भरच पडते.

मोबाइलचा बूस्टर त्याहून वाईट. परवानगीशिवाय खासगी बूस्टर किंवा रिपीटर बसवणे बेकायदा आहे, ऑनलाइन सहज मिळत असला तरी. तो टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो आणि एका दुकानाची रेंज सुधारताना आसपासच्या अनेकांचे फोन तुटतात.

पुढे काय?

जागा वाढवण्याचा एक मार्ग सरकारच्या हातात आहे. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागातले, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हे ५०० मेगाहर्ट्झ घरातल्या कमी शक्तीच्या वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जाहीर केला. मोबाइल कंपन्यांना ६ गिगाहर्ट्झच्या लहरी ५जी आणि पुढच्या पिढीसाठी हव्या होत्या, तर तंत्रज्ञान कंपन्यांना त्या वाय-फायसाठी. दोघांचाही युक्तिवाद एकच होता : गर्दी वाढते आहे. मात्र हा पट्टा वापरायला राउटर आणि फोन दोन्ही वाय-फाय ६ई किंवा ७ प्रकारचे लागतात. जुन्या उपकरणांची गर्दी जुन्याच पट्ट्यात राहील.

दुसरा मार्ग जुनाच आहे. २०२३ मध्ये देशभरातल्या फोनवर एकदम मोठा आवाज होऊन सरकारी चाचणी संदेश झळकला होता. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. त्यात टॉवर एकदाच बोलतो आणि त्या भागातले सगळे फोन ऐकतात. कोणालाही दार ठोठवावे लागत नाही. ऐकणारे शंभर असोत की लाख, हवेवर भार तेवढाच पडतो. एखादे गेट बंद झाले, रस्ता वळवला, पाणी कुठे आहे, हे गर्दीला सांगायचे असेल, तर या पद्धतीला कोंडीचे भय नाही.

जत्रेच्या मांडवातला माणूस हेच तत्त्व कितीतरी वर्षांपासून वापरतो आहे. हरवलेल्या मुलाचे नाव, शर्टाचा रंग आणि कुठे यायचे ते तो भोंग्यावरून सांगतो. एक बोलतो आणि सगळे ऐकतात. हजारो फोन एकाच वेळी बोलू लागले की तो भोंगाच उपयोगी पडतो. म्हणून पुढच्या मोठ्या गर्दीची तयारी करताना टॉवरच्या गाड्या जरूर मागवाव्यात, पण भोंग्याची वायरही तपासून ठेवावी.